पडद्याखालचे पाय

मी माणसं पायांवरून ओळखत असे. यात कौतुक काही नाही. मान वर करून बघायची हिंमत नव्हती, म्हणून डोळ्यांना जे सापडलं तेच त्यांनी पाठ केलं. सुरतेहून गावी आल्यावर कित्येक महिने मला घरी येणाऱ्या-जाणाऱ्या बायांचे चेहरे धड सांगता आले नसते. पण कुणाच्या टाचांना किती भेगा, कुणाचं कडं सैल, कुणाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. मोठी माय, म्हणजे माझी चुलती, हिच्या पायांत चांदीचे जड तोडे होते, आणि उजव्या पायाचा अंगठा कधीतरी जात्याच्या तळीखाली सापडून चपटा झालेला. ती चालली की डावा तोडा वाजायचा, उजवा नाही. त्या एका आवाजावरून ती ओसरीवर आहे की कोठीच्या खोलीत, हे मला कळायचं, आणि त्याप्रमाणे मी हातातलं पुस्तक उघडायची किंवा मिटायची.

वडील सुरतेला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. आई लवकर गेली, म्हणून त्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात ठेवलं. मग तेही गेले आणि आबा, माझे थोरले काका, बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले. तापीकाठी आमचं गाव, काळी जमीन, केळीच्या बागा, कापूस, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी थोडी माळाची शेतं, ती आबा भिलाट्यातल्या, म्हणजे भिलांच्या वस्तीतल्या, माणसांना भागानं कसायला देत. घरात गुजरी बोली आणि अहिराणीची सरमिसळ चालायची. माझं मराठी पुस्तकी, माझी अहिराणी लंगडी, आणि जी भाषा मला नीट येत होती ती त्या गावात कुणालाच येत नव्हती. त्यामुळे मी गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला सगळेजण शहाणं समजतात किंवा मठ्ठ. मला दोन्ही समजत, दिवसाआड.

आबा वाईट नव्हते. असं वाक्य कुणाच्या आठवणींत वाचलं की मला लगेच शंका येते, तरीही लिहिते. त्यांनी मला उपाशी ठेवलं नाही, माझ्या इंग्रजी पुस्तकांची पेटी फेकली नाही, माझं लग्न घाईनं उरकलं नाही. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून ते सुपारी कातरायचे. विचार चालू असला की अडकित्ता हळू चाले, टक्... टक्... आणि एकदा ठरलं की एकच जोराचा कडका निघे. मी आतल्या खोलीत बसून तो अडकित्ता ऐकायची. त्या घरात पुढे काय होणार, हे मला माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यावरून जास्त कळायचं.

त्या वर्षी ज्वारी कापून झाल्यावर आबा लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर म्हसावदकडचे भाईदास पाटील. ते मोठ्या मायच्या माहेरच्या गावचे, लांबचे नातलगही. आमच्या घरी एकदम माणसांची ये-जा वाढली. चूल विझेचना. कळण्याच्या भाकऱ्या, ठेचा, वांग्याचं भरीत; बाजेवर वाळत घातलेले बिबड्यांचे पापड वाळायच्या आधीच संपायचे. पंगतीत सगळे आबांकडे बघून बोलायचे आणि पाण्याच्या तांब्याकडे गेले की एकमेकांच्या कानात बोलायचे. मी वाढायला असायची. तांब्याजवळचं बोलणं मला ऐकू यायचं, आणि ते पंगतीतल्या बोलण्याशी क्वचितच जुळायचं.

शाळेत आम्हाला नागरिकशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मत देणारा माणूस पडद्याआड एकटा असतो, तिथे त्याच्यावर राजाचाही हक्क चालत नाही, असं काहीतरी त्यात होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. कुठेतरी माणसाला कुणी बघत नाही, ही कल्पनाच माझ्यासारखीला स्वर्गासारखी होती. म्हणून मतदानाच्या चार दिवस आधी अंगणात जे झालं ते बघून मी गोंधळले, पण घाबरले नाही.

आबांनी भिलाट्यातल्या माणसांना बोलावलं होतं. ज्यांच्या नावावर पायथ्याचा एखादा तुकडा होता त्यांची नावं यादीत होती, आणि त्यांच्या बायकांचीही. अंगणाच्या मधोमध नव्या ज्वारीची टोपली ठेवली. भिलांची कणसरी माता म्हणजे धान्यातली देवी; तिचे दाणे मुठीत घेऊन दिलेली आण ती माणसं मोडत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. एकेकजण पुढे आला, मूठ भरली, पिवळ्या पेटीत चिठ्ठी टाकीन म्हणाला आणि दाणे पुन्हा टोपलीत सोडले. पिवळी पेटी आबांची होती. झिंगली सगळ्यांत शेवटी आली. ती आमच्या कपाशीत वेचणीला यायची आणि माळाचं एक शेत भागानं करायची. तिच्या नवऱ्याच्या नावावरच्या खडकाळ तुकड्यात पोट भरण्याजोगं काही पिकत नव्हतं. तिच्या पायांत पितळी कडी होती, एकावर एक चार, आणि डाव्या घोट्यावर साग तोडताना लागलेल्या कोयत्याचा पांढरा वण.

"देखा रे भो," आबा झोपाळ्यावरून शांतपणे म्हणाले, "जो आन मोडी, त्याले औंदा भागनं शेत नही. मंग माले सांगू नका."

मी दाराआडून ऐकत होते आणि मनात मला हसू आलं, कारण मला वाटलं, आबांना पुस्तकातली गोष्ट माहीत नाही. पडदा असतो. कोण कुठे गेलं हे त्यांना कळणार कसं?

त्याच रात्रीच्या जेवणाला आबांनी माझ्याकडे बघितलं. ते सहसा माझ्याकडे बघत नसत.

"बायास्ना खोलीमा कोनीतरी बाई पाहिजे," ते म्हणाले. "बाया धनीनं नाव लेतस नही, कचेरीना कारकूनले काय कळी? मी सांगी दिधं, आमनी पोर बठी. ती समदासले वळखस."

"भाईदासचा माणूस हरकत नाही घेणार?" मी विचारलं. माझ्या तोंडून पूर्ण वाक्य बाहेर पडलं की घरात जरा शांतताच व्हायची.

आबा हसले. "त्यानीच हा म्हनं. म्हने, ती पोर मान वर करीसन देखस नही, ती काय करी?" मग ते जरा पुढे झुकले. "तू मान वर करू बी नको. खाले देखत ऱ्हाय. कोन कोठे जास ते लिखी ठेव. खोट्या बाया येतीन, दोन दोन येळ येतीन. लिखेल बरं."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला ते पटवून घ्यायचं होतं. इतक्या महिन्यांत त्या घरात मला पहिल्यांदा काही काम मिळत होतं, तेही माझ्या शिक्षणाचं. मी निळ्या पुठ्ठ्याची वही आणि टोकदार पेन्सिल काढून ठेवली.

मतदान शाळेत होतं. बायांसाठी मागची खोली दिली होती. कोपऱ्यात दोरीवर शाळेच्या नाटकाचा जुना पडदा टांगलेला. त्यावर कारंजं आणि गुलाब रंगवलेले, रंगाचे पोपडे उडालेले. पडद्याआड डावीकडे आबांची पिवळी पेटी, उजवीकडे भाईदासची हिरवी. कारकून पोक्त होता, दूर कुठून बदलून आलेला, त्याला उकाडा सोसत नव्हता. मी भिंतीशी पाटावर बसले, नेहमीसारखी नजर खाली घातली, आणि तेव्हा मला दिसलं की पडदा जमिनीपर्यंत येत नाही. वीतभर कमी आहे. नाटकात तेवढं चालत असेल.

"नवऱ्याचं नाव सांगा बाई," कारकून पहिल्या म्हातारीला म्हणाला.

"अगं माय! आसं कसं सांगू? तुम्हनी मायनी तुम्हना बापनं नाव कधी लिधं का?"

रांगेत हशा पिकला. कारकून खोकला आणि माझ्याकडे बघू लागला. मी नाव सांगितलं. मग ते तसंच चालू राहिलं. बाई यायची, पदर दातांत धरायची, मी तिच्या पायांकडे बघून नाव सांगायची, कारकून यादीत खूण करून चिठ्ठी द्यायचा, आणि पाय पडद्याआड जायचे. डावीकडे वळले तर मी वहीत नावापुढे इंग्रजी एल लिहायची, उजवीकडे वळले तर आर. इंग्रजीत लिहिलं की कुणाला वाचता येत नाही, याचं मला सुरक्षित वाटत होतं. काही पाय आत गेल्यावर बराच वेळ नुसते उभे राहत. एकीनं पेटीपुढे खाली वाकून काहीतरी ठेवलं, देवळात ठेवतात तसं. नंतर कळलं, ते फूल होतं.

उन्हं वर आल्यावर मोठी माय आली. नाव सांगायची गरजच नव्हती, कारकूनही उठून उभा राहिला. ती पडद्याआड गेली. डावा तोडा एकदा वाजला. चपट्या अंगठ्याचा पाय क्षणभर थांबला, आणि मग दोन्ही पाय सरळ, ठाम, उजवीकडे गेले. हिरव्या पेटीत कागद पडल्याचा आवाज मी ऐकला.

माझी पेन्सिल थांबली. तिच्या नावापुढे आर लिहिलं की ते संध्याकाळी आबांपुढे जाणार, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं. आणि ते दिसल्यावर वरच्या सगळ्या ओळी दिसल्या. दोनदा येणाऱ्या खोट्या बायांशी या यादीचा काही संबंध नव्हता. आबांना पुस्तकातली गोष्ट माहीत होती. त्यांनी पडदा बघितला होता, माझी नजर कुठे असते हेही बघितलं होतं, आणि दोन्ही एकमेकांपुढे आणून ठेवलं होतं. पडद्यातलं भोक मीच होते. मोठी माय बाहेर आली, माझ्यासमोरून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी मान वर केली नाही.

नंतर भिलाट्यातल्या बाया आल्या. पुढे झिंगली. चार कडी किणकिणत डावीकडे गेली आणि थांबली. मग कागद फाटल्याचा आवाज आला, सावकाश, नीट, घडीवरून फाडतात तसा. मग कडी उजवीकडे गेली.

"काय झालं तिकडे?" कारकुनानं मान उचलली.

"काही नाही," मी म्हणाले. "पदर अडकला."

झिंगली बाहेर येऊन माझ्यापाशी उकिडवी बसली. तिनं आवाज अगदी खाली आणला. "ताई, तू शिकेल शे, माले सांग. भाईदास पाटीलनी बी आमना हातमा जवार दिधी व्हती, तुम्हना आबानं आंधी. दोन्ही आन. मी अर्धं याले दिधं, अर्धं त्याले दिधं. कनसरी कोपाव नही ना?"

फाटकी चिठ्ठी बाद होते, हे मला माहीत होतं. तिच्यामागे तिच्या वाडीतल्या आणखी बाया उभ्या होत्या, आणि त्यांनीही तशीच दोनदा ज्वारी मुठीत घेतलेली होती. एवढंच म्हणायचं होतं: फाडू नका. चार अक्षरं. पण कारकून बघत होता, दारात भाईदासचा माणूस होता, आणि मी आयुष्यात कधी चार बायांसमोर मोठ्यानं बोलले नव्हते.

"नाही कोपणार," मी म्हणाले.

ती समाधानानं उठून गेली. त्यानंतर पडद्यामागून तो फाटण्याचा आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकला. वहीत काही लिहिलं नाही.

दिवेलागणीला आबांनी मला ओसरीवर बोलावलं. आत मोठी माय भाकऱ्या थापत होती. मी वही उघडली आणि वाचू लागले. एकेक नाव, आणि प्रत्येकीपुढे, कागदावर काहीही असलं तरी, "डावीकडे".

अडकित्ता थांबला. "समद्या?"

"हो."

"झिंगली?"

"डावीकडे."

आबा हसले, पण अडकित्ता पुन्हा सुरू झाला नाही. "आन तुन्ही मोठी माय?"

ही त्यांची थट्टा होती की खरा प्रश्न, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. आत भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला.

"डावीकडे," मी म्हणाले. आत पुन्हा थापटणं सुरू झालं.

आबांनी हात पुढे केला. "दे ती वही. मी काय इंग्रजी वाचस नही. सकायले दवाखानाना डाक्टर वाची दी. पायथाना शेत कोनले देवानं, ते मंग ठरावू."

वही माझ्या हातात होती. देऊ नये असं वाटत होतं, पण मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांचं खात होते, आणि दुसरं घर मला नव्हतं. मी ती पुढे केली. तेवढ्यात डावा तोडा वाजला. मोठी माय पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मधून वही उचलून घेतली.

"आंधी जेवा," ती म्हणाली. "वही काय पळी जास नही. भाकर थंडी व्हई जाई."

ती आत गेली. थोड्या वेळानं जळक्या कागदाचा वास आला. पुठ्ठ्याचा वेगळा, जाड, डिंकाचा वास. आबा उठून चुलीपाशी गेले.

"वही कोठे शे?"

"ती का?" मोठी माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "चूल इझी जाई ऱ्हायनी व्हती. कागद दिखना, लाई दिधा. माले काय मालूम, कामना व्हता?"

तेव्हा मी मान वर केली. त्या दोघांचे चेहरे मी पहिल्यांदा नीट बघितले. आबा तिच्याकडे बघत होते आणि ती तव्याकडे. तिला इंग्रजी येत नव्हतं. वहीत तिच्या नावापुढची जागा मी रिकामी सोडली आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती का उजवीकडे गेली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. माहेरचा माणूस म्हणून, की आबांवर राग म्हणून, की नुसतं एकदा स्वतःच्या मनानं कुठेतरी जाऊन बघावं म्हणून. मी विचारलं नाही. आबा ताटावर बसले.

शहाद्याच्या कचेरीत मोजणी झाली आणि आबा थोड्या फरकानं निवडून आले. दारात पेढे आले, खापरावरचे मांडे झाले. पंगतीत आबा सांगत होते की अर्ध्या-अर्ध्या चिठ्ठ्यांचा ढीग निघाला, साहेबानं सगळ्या बाजूला फेकल्या. "येडा लोक!" म्हणत ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग घसा साफ करून म्हणाले की लोकांनी आपल्याला निवडून दिलं आहे. मी पुरण वाढत होते. तांब्याजवळ दोघं कुजबुजत होते, की ते अर्धे तुकडे पुरे असते तर निकाल काय लागला असता कोण जाणे. मला तर वाटतं, आपल्याकडे निवडून आलेल्या प्रत्येकाच्या मागे बाजूला फेकलेला असा एक ढीग असतोच, आणि तो कुणी मोजत नाही. पण हे आताचं वाटणं आहे. तेव्हा मला फक्त झिंगलीचं तोंड दिसत होतं.

तिचं शेत राहिलं. वही जळाली म्हणून, की आबा जिंकल्यामुळे त्यांना त्याची गरज उरली नाही म्हणून, हे मला ठाऊक नाही. चांगल्या गोष्टीचं श्रेय पटकन कुणाला देऊ नये, हे मी त्या घरात शिकले. पेरणीच्या आधी ती बियाणं न्यायला आली आणि मला केळीच्या बागेपाशी गाठलं.

"ताई, मन्हं अर्धं अर्धं पोचनं का दोन्हीसले?"

या वेळी मी खरं सांगितलं. फाटकं कुणाचंच धरलं नाही, तिचंही नाही, तिच्या वाडीतल्या कुणाचंच नाही.

तिनं एका पायानं दुसऱ्या पायातली कडी मागे-पुढे केली. "तू तठे बठेल व्हती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू सांगी देती तं मी फाडती नही."

"मग कुणाला दिली असतीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी होते. मग हसली, सगळे दात दाखवून. "ते तुले कसाले सांगू? मंग पडदा कसाले लायेल व्हता?"

पुढच्या निवडणुकीच्या आधी मी शाळेत गेले आणि मास्तरांकडे तो नाटकाचा पडदा मागितला. मोठ्या मायचं एक जुनं लुगडं फाडून त्याच्या खालच्या कडेला दोन वीत रुंद पट्टी शिवली, दुहेरी टाक्यांनी. मोठी माय शेजारी बसून सुयांत दोरा ओवून देत होती. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. आबांनी ओसरीवरून एकदा बघितलं, अडकित्ता थांबला, पुन्हा सुरू झाला. लोकशाही सुधारण्यासाठी मी आयुष्यात केलेलं काम एवढंच, दोन वीत कापड. त्या वर्षीही अंगणात ज्वारीची टोपली निघाली होती. तिच्यावर घालायचं कापड मला कधी सापडलं नाही. पण मतदानाच्या आदल्या दिवशी मी भिलाट्यात गेले आणि दहा-बारा बायांसमोर उभी राहून, आवाज कापत असताना, मोठ्यानं एवढंच म्हणाले: फाडू नका.

आता मी मत द्यायला जाते तेव्हा पडद्याच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा असतो. सगळे सांगतात, पद्धत फार सुधारली आहे. मी मान हलवते आणि आडोसा कुठपर्यंत येतो ते बघते. तो टेबलावर असतो. खाली सगळं उघडं. माझ्या पुढची बाई आत जाते, तिच्या टाचा दिसू लागतात, आणि माझे डोळे जुन्या सवयीनं त्यांच्यामागे निघतात. मी मान वर करते आणि तिचं होईपर्यंत छताकडे बघत उभी राहते.